बेणारेबाईंचा खटला आणि आपली ख्रिस्तसभा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे अभिवाचन देवळाच्या सभागृहात करण्याची परवानगी मागितली. परवानगी देण्यापूर्वीच दोन माणसे मला भेटून गेली. पहिले आमच्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ. ‘‘फादर, कुमारी मातेचे नाटक देवळाच्या आवारात? मुलांवर काय संस्कार होतील?’’ हा त्यांचा प्रश्न. दुसरी एक तरुण शिक्षिका. तिचे म्हणणे नेमके उलटे : ‘‘फादर, हे नाटक वाचल्यावर वाटते, चर्चने आपली जुनी शिकवण आता बदलायलाच हवी.’’

दोघेही श्रद्धावान, दोघेही रविवारी न चुकता मिस्साबलिदानाला येणारे. परंतु दोघांनीही हे नाटक नीट वाचलेले नाही, असे मला वाटले. खरे सांगायचे तर मीही ते कित्येक वर्षे नीट वाचले नव्हते. ते का वाचले नव्हते आणि पुढे कसे वाचता आले, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. नाटकाच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नालाही हात घालावा लागणार आहे. लैंगिक नीती आणि जीवनाचे पावित्र्य यांविषयीच्या परंपरागत शिकवणुकीवर ख्रिस्तसभेने ठाम राहावे, की काळाप्रमाणे ती सैल करावी?

हा प्रश्न आजचा नाही. १९३० साली अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या लॅम्बेथ परिषदेने संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मर्यादित मान्यता दिली, तेव्हापासून ख्रिस्ती जगतात तो धुमसत आहे. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिते’ या विश्वपत्राद्वारे कॅथलिक शिकवण ठामपणे मांडली. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘इव्हांजेलियुम व्हिते’मधून गर्भपात व दयामरण यांविरुद्ध जीवनाची बाजू घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे निवेदन आले, तेव्हा आशीर्वाद कोणाला द्यावा आणि कोणत्या रीतीने द्यावा, यावर जगभरच्या धर्माध्यक्षांत उघड मतभेद झाले. रोमची ही चर्चा वर्तमानपत्रांतून आपल्याही घरात पोहोचते. तथापि जळगाव-धुळ्याच्या धर्मग्रामांत काम करणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला या प्रश्नाचे उत्तर इथल्या मातीत शोधावे लागते. तत्त्व कागदावर असते तेव्हा ते सर्वांनाच मान्य असते. ते माणसाच्या अंगावर पडते तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी नाटकाइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

नाटकाचे कथानक बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात उजळणी करतो. मुंबईची एक हौशी मंडळी ‘अभिरूप न्यायालया’चा प्रयोग करण्यासाठी एका खेड्यात येते. प्रयोगाला अवकाश असल्यामुळे वेळ घालवण्यासाठी एक खोटा खटला रचला जातो. आरोपी म्हणून मंडळीतील शिक्षिका लीला बेणारे हिला उभे केले जाते. आरोप असतो भ्रूणहत्येचा. सुरुवातीला सर्व काही हसण्यावारी चाललेले असते. परंतु हळूहळू लक्षात येते, की बेणारेबाई खरोखरच गरोदर आहेत. गर्भाचे जनक आहेत प्राध्यापक दामले, याच मंडळीतले विवाहित विद्वान गृहस्थ. मग खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. प्रत्येक जण साक्ष देतो, तिचे खासगी आयुष्य उकरून काढतो. शाळेने तिला काढून टाकण्याचे ठरवल्याचेही तिथेच उघड होते. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर निकाल देतात : बाईने जगावे, परंतु तिच्या पोटातील गर्भ मात्र नष्ट केला जावा.

१९६३ साली लिहिलेले हे नाटक १९६७ च्या डिसेंबरमध्ये ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांची. त्यानंतर या नाटकावर विपुल लिहिले गेले. स्त्रीच्या शोषणाचे, मध्यमवर्गीय दांभिकतेचे नाटक म्हणून ते अभ्यासक्रमांतही गेले. हे सर्व योग्यच आहे. तरीपण त्याच्या निकालातील एका विसंगतीकडे कॅथलिक वाचकाने विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते.

बेणारेबाईंवर आरोप आहे भ्रूणहत्येचा. ही हत्या त्यांनी केलेली नाही. उलट, त्यांना ते मूल हवे आहे. त्या मुलाला आई असावी, वडील असावेत, घर असावे, नाव असावे, एवढ्यासाठी ही मानी स्त्री आपल्याहून सर्वार्थाने खुज्या असलेल्या पुरुषांपुढे लग्नाची याचना करून आलेली आहे. मातृत्वाच्या पावित्र्यावर भाषणे ठोकणारे, संस्कृतीच्या नावाने गळा काढणारे ते सभ्य न्यायालय मात्र अखेर कोणती शिक्षा फर्मावते? भ्रूणहत्येचीच! जो गुन्हा आरोपीने केला नाही, तो करण्याची सक्ती न्यायाधीशच तिच्यावर करतात. जीवनाचे रक्षण करायला बसलेले न्यायालय जीवनाचा बळी घेऊन उठते, आणि आपण काही विपरीत केले आहे याची जाणीवही कोणाला होत नाही.

ही विसंगती ध्यानात घेतली, म्हणजे आमच्या दोन्ही वाचकांचे कोठे चुकले ते दिसते. ज्येष्ठ गृहस्थांना वाटते, हे नाटक अनीतीची तरफदारी करते. वस्तुतः नाटकातील सर्वांत ‘नीतिमान’ माणसेच त्यातील सर्वांत मोठे पाप करतात. तरुण शिक्षिकेला वाटते, हे नाटक जुनी शिकवण सोडा असे सांगते. परंतु बेणारेबाईंची सारी धडपड मुलाला जन्म देण्यासाठी आहे. जन्माला न आलेल्या जीवाची बाजू घेणारे त्या दालनात एकच माणूस आहे, आणि ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे.

न्याय करायला बसलेली माणसे कोण आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. सुखात्मे हे न चालणारे वकील, पोंक्षे हे परीक्षेत नापास झालेले, कर्णिक हे अयशस्वी नट, रोकडे हा काशीकरांच्या घरात वाढलेला परावलंबी मुलगा. स्वतः काशीकर तर समाज सुधारण्यासाठी बालविवाहाची चाल पुन्हा सुरू करावी, अशा मताचे. आपापल्या आयुष्यात हरलेली ही माणसे एका स्त्रीला हरवून क्षणभर जिंकतात. आणि दामले? ते येतच नाहीत. संपूर्ण नाटकात त्यांचा प्रवेश नाही. त्यांच्यावर खटला नाही, त्यांना शिक्षा नाही. त्यांचे नाव साक्षीत येते, पण ते केवळ बाईंच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून.

दामल्यांची ही रिकामी जागा पाहताना योहानच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय कोणाला आठवणार नाही? शास्त्री आणि परुशी व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला प्रभू येशूसमोर उभी करतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा प्रसंगी पुरुष व स्त्री या दोघांनाही सारखीच शिक्षा होती. मग तो पुरुष कोठे आहे? तिला ‘प्रत्यक्ष पकडले’ असेल, तर त्यालाही पकडले असले पाहिजे. परंतु मंदिराच्या अंगणात तोही आलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अंगणात आणि तेंडुलकरांच्या त्या दालनात एकच माणूस गैरहजर आहे.

इथे प्रभू काय करतो? तो नियमशास्त्र रद्द करीत नाही. व्यभिचार हे पाप नाही, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. उलट निरोप देताना तो तिला यापुढे पाप न करण्याची स्पष्ट आज्ञा देतो. परंतु ती आज्ञा देण्यापूर्वी तो तिच्यावर उगारलेले दगड खाली टाकायला लावतो. ठामपणा आधी दगडधाऱ्यांच्या वाट्याला येतो, मग त्या स्त्रीच्या. हा क्रम उलटा झाला, की शुभवर्तमानाचे काशीकरांचे कोर्ट व्हायला वेळ लागत नाही.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. जीवनाच्या पावित्र्याचा प्रश्न इथे पुस्तकी नाही. ज्या भूमीने असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी महाराष्ट्राला दिली, जिथल्या विद्यापीठाला २०१८ साली त्या लेकीचेच नाव दिले गेले, त्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८४२. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, हाच आकडा ८८० होता. निसर्गतः तो ९५० च्या आसपास असायला हवा. धुळे जिल्ह्यातही तो ९०० च्या खालीच होता. शेजारचा नंदुरबार जिल्हा आदिवासीबहुल, आपण ज्याला ‘मागास’ म्हणतो तो. तेथील प्रमाण मात्र ९४० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निसर्गाच्या बरोबरीचे. केळी आणि सोन्यासाठी देशभर नाव असलेल्या संपन्न जिल्ह्यात मुली कमी आणि गरीब डोंगराळ जिल्ह्यात त्या पुरेशा, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

या कमी झालेल्या मुली कोणी कमी केल्या? बेणारेबाईंनी नव्हे. सोनोग्राफीच्या यंत्रासमोर सुनेला नेऊन उभी करणारी घरे विवाहित, सुस्थित, समाजात मान असलेली घरे आहेत. देव्हाऱ्यातला दिवा ज्यांच्याकडे कधी विझत नाही, अशी. आपल्या ख्रिस्ती घरांनीही ‘आम्ही त्यातले नाही’ असे म्हणून छाती फुगवू नये. दुसरीही मुलगीच झाली म्हणून बाप्तिस्म्याच्या दिवशी आजीचा उतरलेला चेहरा मी पाहिलेला आहे.

याच ठिकाणी ख्रिस्तसभेच्या ठामपणाचे मोल कळते. १९७१ साली आपल्या देशात गर्भपाताचा कायदा झाला. त्यामागे क्रूर हेतू नव्हता. वैदूंच्या आणि सुइणींच्या हातून, चोरूनमारून होणाऱ्या गर्भपातात असंख्य स्त्रिया प्राणाला मुकत होत्या. शांतिलाल शहा समितीपुढे हेच दुःख होते आणि ते खरे होते. त्या दुःखाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही. परंतु जन्माला न आलेला जीव हा ‘कोणीतरी’ आहे, ही धारणा एकदा सैल झाल्यावर पुढे काय झाले? स्त्रीच्या सुटकेसाठी उघडलेल्या दारातून स्त्रीजातच बाहेर फेकली गेली. ‘निवड’ हा शब्द शहाण्यासुरत्यांनी स्त्रीच्या स्वातंत्र्यासाठी वापरला. खानदेशातल्या स्वयंपाकघरात ती निवड सासूची, नवऱ्याची आणि वारसाहक्काची झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने कायदा केला, १९९४ साली तो देशभर आला. तरीही २०११ चा आकडा वर सांगितला तोच. मनातला आधार निघाल्यावर कायद्याची टेकू फार काळ टिकत नाही.

संततिनियमनाबाबतही असाच एक धडा आपल्याच राज्यात आहे. ‘ह्युमाने व्हिते’मध्ये पोप सहावे पॉल यांनी इशारा दिला होता, की पती-पत्नींच्या या अत्यंत खासगी क्षेत्रात उद्या सरकारे सक्तीने शिरतील. त्या वेळी अनेकांना तो अतिरेक वाटला. अवघ्या आठ वर्षांनी, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक देशात कोणी संमत केले? १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, एवढेच आपले सुदैव. या विश्वपत्राचे पालन आपल्या किती कुटुंबांत होते, हे मी जाणतो. त्यावर इथे फटकारे ओढण्याचा माझा हेतू नाही. परंतु ही शिकवण दुबळ्यांच्या बाजूने उभी होती, एवढे तरी मान्य करायला हवे.

म्हणून आमच्या तरुण शिक्षिकेला माझे पहिले उत्तर असे : शिकवण बदलू नये. ती सैल झाल्याची किंमत सर्वांत आधी सर्वांत दुबळा जीव मोजतो.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल.

१९९४ साली जळगावात जे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले, त्याने उभा महाराष्ट्र हादरला. मुलींना आणि स्त्रियांना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांचे शोषण करण्यात आले होते. त्यातील कायद्याच्या बाजूत मी शिरत नाही. मला आठवते ते हे, की प्रत्यक्ष तक्रार द्यायला पुढे आलेल्या स्त्रिया फारच मोजक्या होत्या. का? कारण त्यांना ठाऊक होते, की खऱ्या न्यायालयाच्या आधी गावातले अभिरूप न्यायालय भरेल आणि तेथे पिंजऱ्यात दामले नसतील, बेणारेबाईच असतील. शोषण करणाऱ्यांचे सर्वांत मोठे शस्त्र छायाचित्र हे नव्हते. समाजाची ‘नीती’ हेच त्यांचे शस्त्र होते. आपण ज्या अब्रूच्या कल्पना देवळातून, शाळेतून, घरातून रुजवतो, त्या कल्पनाच त्या मुलींच्या तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

आणि आता ते, जे लिहिताना माझा हात जड होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर मी होतो. तेथील एक अविवाहित शिक्षिका गरोदर असल्याचे मंडळाच्या कानावर आले. बैठक झाली. कोणी आवाज चढवला नाही; सर्व काही अत्यंत सभ्यपणे पार पडले. ‘संस्थेचे नाव’, ‘पालकांच्या भावना’, ‘मुलांपुढील आदर्श’ हे शब्द अनेकदा उच्चारले गेले. त्यातले काही मीही उच्चारले. तिच्याकडून राजीनामा घ्यावा असे ठरले आणि ठरावावर माझी सही झाली. संबंधित पुरुष कोण, हे कोणी विचारले नाही. काही आठवड्यांनी समजले, की ती परगावी गेली आणि ते मूल जन्माला आले नाही. मला वाईट वाटले. तिच्या या पापाबद्दल मी प्रार्थनाही केली. तिच्या पापाबद्दल!

पुढे कित्येक वर्षांनी ‘शांतता!’चा शेवटचा प्रवेश पुन्हा वाचताना काशीकरांच्या निकालापाशी मी थांबलो आणि मला तो ठराव आठवला. आमच्या ठरावात गर्भाचा उल्लेख नव्हता. परंतु नोकरी नाही, घर नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही, अशा स्त्रीपुढे आम्ही कोणता मार्ग शिल्लक ठेवला होता? गर्भपाताविरुद्ध प्रवचने देणाऱ्या आम्हीच तो निकाल लिहिला होता. हे नाटक मी इतकी वर्षे नीट का वाचले नव्हते, ते मला त्या दिवशी कळले. मी ते प्रेक्षकांत बसून वाचत होतो; माझी जागा रंगमंचावर होती.

तेव्हा ठाम राहावे का, या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडावा लागतो : ठाम कोणापुढे? स्त्रीची चौकशी करताना ठाम आणि पुरुषाचे नाव येताच गप्प. कुमारी मातेपुढे ठाम आणि सोनोग्राफी करून आलेल्या देणगीदार कुटुंबापुढे मृदू. याला ठामपणा म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात. जीवनाच्या बाजूने खरोखर ठाम राहायचे असेल, तर जन्म देऊ पाहणाऱ्या स्त्रीला घर, नोकरी आणि आदर देण्याची जबाबदारी त्या ठामपणातच येते. ती टाळून केवळ निषेध करणारी ख्रिस्तसभा काशीकरांच्या शेजारची खुर्ची घेते.

ख्रिस्तसभेने हे ओळखले आहे, ही समाधानाची गोष्ट. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पूर्वी सामान्यतः धर्माध्यक्षांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या धर्मगुरूंकडे असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. त्याच पत्रात त्यांनी हेही स्पष्ट केले, की गर्भपात हे गंभीर पापच आहे. शिकवण तसूभर हलली नाही. दार मात्र उघडले. त्या पत्राचे नाव संत ऑगस्टीनच्या भाष्यातून घेतलेले आहे, आणि ते भाष्य आहे योहानच्या आठव्या अध्यायावरचे : दगड घेतलेले सारे निघून गेल्यावर मागे राहिली ती दैना आणि दया.

अखेर नाटकाविषयी एक मर्यादा नोंदवली पाहिजे. तेंडुलकरांनी न्यायालय अचूक रेखाटले. दया मात्र त्यांना फारशी दिसली नाही. निकालानंतर बेणारेबाई निश्चेष्ट पडलेल्या असताना मंडळी ‘हा खेळच होता’ म्हणून तयारीला लागते. त्यांच्याजवळ येतो तो एकटा सामंत, गावातला भाबडा माणूस. तोही काय करतो? पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट हळूच त्यांच्यापाशी ठेवतो आणि निघून जातो. मराठी रंगभूमीवरील करुणेचे इतके हृद्य आणि इतके अपुरे चित्र क्वचितच सापडेल. सामंत दगड मारीत नाही. पण तो कोर्ट थांबवतही नाही, उलट त्यानेही साक्ष दिलेली आहे. प्रभू येशूचे अनुयायी सामंताच्या पुढे एक पाऊल जाऊ शकतात की नाही, या प्रश्नाचे उत्तर नाटककाराने द्यायचे नाही. ते आपण द्यायचे आहे.

युवकांना मी परवानगी दिली. अभिवाचन झाले, ज्येष्ठ गृहस्थ आले होते आणि शेवटपर्यंत बसले. जाताना ते एवढेच म्हणाले, ‘‘फादर, त्या दामल्याला कोणी बोलावलं का नाही?’’ याहून चांगले परीक्षण मला लिहिता येणार नाही.

धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडणार आहे. आपल्या देखरेखीखालील कोणत्याही संस्थेत अविवाहित स्त्री गरोदर आहे या कारणावरून तिचा राजीनामा मागितला जाऊ नये. आणि तिच्या बाळंतपणाची व्यवस्था कोणी करावी, हे आधीच ठरवून ठेवावे. ‘मग मुलांपुढे आदर्श काय राहील?’ असे कोणीतरी विचारील. तो प्रश्न मी स्वतः एकदा विचारलेला असल्यामुळे त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. पाप हे पाप आहे आणि बाळ हे बाळ आहे, हे एकाच वेळी म्हणता येते, एवढे मुलांना दिसले, तरी आदर्श पुरेसा राहील.